फोडणी सोडू नका, हवेची वाट बदला

वाचक लिहितात:

«लग्नानंतर नाशिकहून ओहायोत, कोलंबसला आले. तीन मजली अपार्टमेंट, आमचं घर मधल्या मजल्यावर. ओटा हॉललाच लागून, काचेची इलेक्ट्रिक शेगडी आणि तिच्यावर मायक्रोवेव्ह. फोडणी घातली की स्मोक अलार्म कोकलतो. एकदा घाबरून मी दार उघडलं, तर अख्ख्या बिल्डिंगचा अलार्म वाजला, सगळे थंडीत खाली उतरले आणि बंबही आला. बिल्डिंगचं भाडं बघणाऱ्या लीझिंग ऑफिसची ईमेल आली. तेव्हापासून मिस्टर स्वयंपाकाआधी डिटेक्टरला हॉटेलमधली शॉवर कॅप घालतात. गेल्या आठवड्यात दाराला चिठ्ठी चिकटवलेली होती की तुमच्याकडचे वास आमच्या घरात येतात, जरा लक्ष द्या. कोट तर दाराजवळच असतात, त्यांनाही वास येतो. मी आता फोडणी घालणंच सोडलंय, वरण नुसतं तूप घालून खातो. त्यात परवा भात आणि कोथिंबिरीच्या काड्या सिंकमध्ये ढकलून डिस्पोजलचं (सिंकखालच्या खरकटं दळायच्या यंत्राचं) बटण दाबलं, तर नुसतं घूं घूं करून बंद पडलं. मे महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत. त्या रोज पोळ्या करणार, पुरणपोळीही करणार. मिक्सर आणू का म्हणून विचारताहेत. आम्ही चुकतोय का? इथे राहायचं तर खाणं बदलावं लागतं का?»

खाणं बदलावं लागत नाही. पण ती शॉवर कॅप आज रात्रीच काढा, पुढचं मग वाचा.

अमेरिकेत घरांना ज्या आगी लागतात, त्यांचं पहिल्या नंबरचं कारण स्वयंपाक हेच आहे. म्हणजे टोपी नेमकी त्याच वेळेला घातली जाते, जेव्हा डिटेक्टरची सगळ्यात जास्त गरज असते. शिवाय ती एखाद दिवशी काढायची राहते आणि तुम्ही झोपता. डिटेक्टर निकामी करणं हा भाडेकरारातही भंगच धरतात, इन्स्पेक्शनला कोणी आलं तर दंडही होऊ शकतो. आणि अलार्म वाजला म्हणून शरमायचं कारण नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, या देशात स्वयंपाकाच्या आगी वर्षातल्या इतर कुठल्याही दिवसापेक्षा जास्त लागतात. तुमच्या शेजाऱ्यांकडे बेकन जळतं तेव्हाही हीच पिपाणी वाजते.

खरी अडचण घराच्या रचनेत आहे. इथल्या अपार्टमेंटमधलं स्वयंपाकघर ओव्हनमध्ये ट्रे सरकवणाऱ्यांसाठी बांधलेलं असतं. उघड्या कढईत तेल तापवून त्यात मोहरी, हिंग, मिरची घालणारं माणूस आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हतं. ओटा हॉलमध्ये उघडा ठेवायचा, खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घालायचं आणि धूर बाहेर टाकायची सोयच करायची नाही, हे आमच्या मते इथल्या बांधकामातलं सगळ्यात बिनडोक त्रिकूट आहे. दिसायला छान दिसतं, एवढंच.

म्हणून आधी तुमच्या घरातली हवा कुठून कुठे जाते ते बघा. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हच्या खाली पंखा आहे ना, तो लावा आणि मायक्रोवेव्हच्या दाराच्या वरच्या बाजूला ज्या बारीक पट्ट्या असतात त्यांच्यासमोर तळहात धरा. हाताला वारा लागला, तर तो पंखा धूर बाहेर टाकत नाही, खालून ओढून वरून तुमच्याच तोंडावर सोडतो. आणखी खात्री करायची असेल तर मायक्रोवेव्हच्या वरचं कपाट उघडा. आत पत्र्याचा चौकोनी किंवा गोल पाइप वर जाताना दिसला तर हवा बाहेर जाते. पाइप नसून नुसती वायर आणि प्लग दिसला तर जात नाही. भाड्याच्या घरांत बहुधा दुसराच प्रकार सापडतो.

अशा पंख्यात दोन गाळण्या असतात. खालची ॲल्युमिनियमच्या जाळीची, ती तेलाचे कण धरते. आतली कोळशाची, ती वास धरते. जाळी महिन्यातून एकदा काढून कडकडीत पाण्यात भांड्यांचा साबण आणि दोन चमचे बेकिंग सोडा घालून पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवून बसवा. जाळी प्रकाशात धरल्यावर भोकं पिवळट चिकट दिसत असतील तर पंखा फक्त आवाज करतोय असं समजा. कोळशाची गाळणी धुता येत नाही, बदलावीच लागते. मायक्रोवेव्हचं दार उघडल्यावर चौकटीच्या कडेला मॉडेल नंबरचं स्टिकर असतं, त्या नंबराने ऑनलाइन मागवली की दहा-वीस डॉलरमध्ये येते. सहा महिन्यांनी बदला असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. रोज फोडणी होणाऱ्या घरात ती तीन महिन्यांवर टिकत नाही.

एवढं करूनही धूर घरातच राहणार, म्हणून खिडकी. आणि नुसती खिडकी उघडणं हा अर्धवट उपाय आहे, कधी कधी उलटा. वारा त्या बाजूने वाहत असेल तर तो खिडकीतून आत घुसतो आणि तुमची फोडणी पुढच्या दाराच्या फटीतून कॉरिडॉरमध्ये ढकलतो. चिठ्ठीचं मूळ बहुतेक इथेच आहे. यावर वीस इंची बॉक्स फॅन आणा, कुठल्याही मोठ्या दुकानात पंचवीस-तीस डॉलरच्या आसपास मिळतो. ओट्याच्या सर्वांत जवळच्या खिडकीत तो बाहेरच्या दिशेला तोंड करून उभा करा. खिडकी पंख्याहून मोठी असेल तर उरलेली फट पुठ्ठ्याने बंद करा, नाहीतर बाहेर टाकलेली हवा त्याच फटीतून परत येते. दिशा बरोबर आहे का ते बघायला टिश्यू पेपरचा तुकडा घरातल्या बाजूने पंख्याजवळ धरा, तो पंख्याकडे ओढला गेला पाहिजे. मग लांबच्या बेडरूमची खिडकी चार बोटं उघडा. आता हवा तिकडून आत येते, ओट्यावरून जाते आणि बाहेर पडते. पुढच्या दाराच्या फटीतूनसुद्धा हवा आतच ओढली जाते, त्यामुळे वास कॉरिडॉरमध्ये जायचा प्रश्न बराचसा मिटतो. तोच टिश्यू दाराखालच्या फटीपाशी धरला तर हे डोळ्यांनी दिसेल. पंखा फोडणीच्या आधी दोन मिनिटं सुरू करायचा आणि स्वयंपाक संपल्यावर पंधरा मिनिटांनी बंद करायचा. जानेवारीत थंडी वाजेल, वाजू द्या. भिंती आणि सामान तापलेलं असतं, खिडकी लावल्यावर घर पुन्हा लवकर गरम होतं.

सेंट्रल हीटिंग किंवा एसी असेल तर थर्मोस्टॅटवर पंख्याचं जे बटण असतं ते «ऑटो»वर ठेवा. «ऑन»वर असलं तर तो पंखा चोवीस तास हॉलमधली हवा ओढून सगळ्या खोल्यांत वाटतो, हिंगासकट. त्याची कागदी गाळणीही दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. बहुतेक ठिकाणी ऑफिसच देतं, पण मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही.

आता अलार्म. त्याचे मुख्य दोन प्रकार. एकात अमेरिसियम नावाच्या किरणोत्सारी पदार्थाचा कण असतो, त्याला आयोनायझेशन म्हणतात. हवेतले अगदी बारीक कणही त्याला कळतात, त्यामुळे तापलेलं तेल आणि भाजलेलं पीठ यांवर तो लगेच वाजतो. दुसऱ्यात प्रकाशाचा झोत असतो, तो फोटोइलेक्ट्रिक. धुमसणाऱ्या आगीचा दाट धूर त्याला चांगला कळतो आणि स्वयंपाकघराजवळ तो उगाच कमी वाजतो. अमेरिकी अग्निसुरक्षा नियमावलीत शेगडीपासून दहा फुटांच्या आत अलार्म सहसा लावू नये आणि दहा ते वीस फुटांत लावायचा तर फोटोइलेक्ट्रिक किंवा गप्प करण्याचं बटण असलेला असावा, असं सांगितलं आहे. टेपने अंतर मोजा. अलार्म हलका फिरवला की तो पायापासून सुटतो, मागच्या लेबलवर प्रकार आणि उत्पादनाची तारीख असते. दहा वर्षं उलटून गेली असतील तर तो बदलायलाच हवा, जुने अलार्म जास्त खोड्या करतात. पाहून झालं की परत जागेवर बसवा.

हे सगळं ऑफिसला तोंडी सांगू नका. त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर वर्क ऑर्डर, म्हणजे दुरुस्तीची लेखी मागणी, टाका: स्वयंपाकघराजवळचा अलार्म शेगडीपासून इतक्या फुटांवर आहे, अमुक साली बनलेला आहे, रोजच्या स्वयंपाकात वाजतो, कृपया फोटोइलेक्ट्रिक बसवा किंवा जागा बदला. सोबत लेबलचा फोटो. अलार्म घरमालकाच्या मालकीचा असतो, तुम्ही स्वतः बदलू नका. पण लेखी मागणी आल्यावर ती टाळणं त्यांनाही अवघड जातं, आणि बंब आल्याबद्दलच्या ईमेलला हेच तुमचं उत्तर आहे.

त्या दिवशी काय झालं तेही समजून घ्या. घरातला अलार्म साधारणपणे फक्त तुमच्या घरात वाजतो. कॉरिडॉरमधला डिटेक्टर मात्र बिल्डिंगच्या यंत्रणेला जोडलेला असतो आणि तिच्यामार्फत अग्निशमन दलाला कळतं. तुम्ही दार उघडलंत आणि धूर त्याच्यापर्यंत गेला. म्हणून अलार्म वाजला की पुढचं दार उघडायचं नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला पाठ करून टाका, सासूबाईंना तर पहिल्याच दिवशी सांगा. अर्थात खरीच आग असेल तर बाहेर पडायला दार उघडायचं आणि मागे लावून घ्यायचं. नुसता धूर असेल तर भांडं शेगडीच्या गरम वर्तुळावरून उचलून बाजूला ठेवा, झाकण घाला, अलार्मचं मधलं बटण लाटण्याने किंवा झाडूच्या दांड्याने दाबा. ते दाबलं की तो आठ-दहा मिनिटं गप्प बसतो. तेवढ्यात पंखा आपलं काम करतो. छतातल्या स्प्रिंकलरची भीती बाळगू नका, तो धुराने नाही, उष्णतेने फुटतो, साधारण 68 अंश सेल्सियसला. फक्त त्याला कपडे वाळत घालायचा हँगर अडकवू नका.

आवाजही ओळखायला शिका. तीन वेळा वाजून थांबत असेल तर धूर. चार वेळा वाजून थांबत असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, तेव्हा घराबाहेर पडून 911 या आणीबाणीच्या नंबरला फोन. आणि मिनिटाला एकदा पक्ष्यासारखं «चिप्» करत असेल तर बॅटरी संपत आली आहे. ते नेहमी पहाटेच सुरू होतं, कारण घर गार झालं की बॅटरीचा जोर उतरतो.

फोडणीकडे वळू. काचेच्या शेगडीवर आपली खोलगट पळी चालत नाही. तिचा बुडाचा एवढासा भाग काचेला टेकतो, तेल तापायला वेळ लागतो, मग आपण आच वाढवतो, आणि एकदम धूर. सहा इंची, सपाट आणि जाड बुडाचं छोटं पॅन घ्या. मागच्या बाजूचं वर्तुळ वापरा, कारण मायक्रोवेव्ह तेवढा पुढे येत नाही आणि पुढच्या वर्तुळावरचा धूर त्याला चुकवून छताकडे जातो. आच दहापैकी सहावर. ही शेगडी मधूनमधून लाल होते आणि विझते, ती बिघडलेली नाही, तसाच तिचा स्वभाव आहे. आकडा वाढवला की ती जास्त लाल होत नाही, फक्त जास्त वेळ लाल राहते.

चार जणांच्या वरणाला एक मोठा चमचा तेल पुरतं. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल घ्या, घाण्याचं नको. घाण्याचं तेल 160 अंशांच्या आसपासच धुरायला लागतं, रिफाइंड सव्वादोनशेपर्यंत दम धरतं. घाण्याचं हवंच असेल तर कच्चं चटणीवर घाला, तिथे त्याची चवही कळते. तेलात आधी मोहरीचे दोन-तीन दाणे टाकून बघा. तीन-चार सेकंदांत तडतडले तर बाकीची मोहरी घाला आणि लगेच झाकण. आवाज मंदावला की पॅन वर्तुळावरून उचला. बटण बंद करून उपयोग नाही, काच पुढची कितीतरी मिनिटं तापलेली असते. आता पॅन हातात आहे, आच नाही, तेल मात्र पुरेसं गरम आहे. यात जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता. दहा सेकंद थांबून सगळ्यात शेवटी तिखट, आणि लगेच ते सगळं वरणात ओता. तिखट तापत्या तेलात पडलं की मिरचीतला जहालपणा हवेत उडतो. ठसका त्याचाच लागतो, शेजाऱ्यांनाही त्याचाच लागतो. ज्या भाजीत फोडणीवरच कांदा पडतो तिथे कांदा चिरून हाताशी ठेवा आणि मोहरी फुटताक्षणी टाका. कांद्याच्या पाण्याने तेल गार होतं आणि धूर तिथेच थांबतो. मोहरी तडतडत असताना कांदा चिरायला घेणं, हे अलार्म वाजायचं फार मोठं कारण आहे.

रविवारी पंखा लावून आठवड्याची फोडणी एकदम करून ठेवणाऱ्या बायका इथे बऱ्याच आहेत, कल्पना चांगली आहे. वाटीभर तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, एवढंच. स्टीलच्या कोरड्या डब्यात भरून फ्रिजमध्ये. लसूण आणि ओला कढीपत्ता त्यात घालू नका. ओलसर लसूण तेलात राहिला की हवा न लागता बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून कळत नाहीत. लसूण रोजचा रोज.

पोळ्यांच्या वेळी धूर तेलाचा नसतो, पिठाचा असतो. लाटताना लावलेलं पीठ तव्यावर गळतं, जळतं, काळं पडतं आणि पाचव्या-सहाव्या पोळीला अलार्म वाजतो. सुती फडक्याची घडी किंचित ओली करून चिमट्यात धरा आणि दर दोन पोळ्यांनंतर तवा पुसा. पोळी तव्यावर टाकायच्या आधी दोन्ही हातांवर झटका. तूप पोळी उतरवून ताटात लावा, तव्यावर नको. पुरणपोळीला तर हे जास्तच, कारण फुटलेल्या पोळीतून गूळ तव्यावर सांडला की तो क्षणात करपतो. तेव्हा तवा खाली काढा, ओल्या फडक्याने साफ करा, मगच पुढची. बिडाचा तवा काचेवर घासत सरकवू नका, उचलून ठेवा. ओरखडा पडला तर डिपॉझिटमधून पैसे कापतात.

फुलका थेट काचेवर फुगत नाही, तव्यावरच कापडाने दाबून फुगवावा लागतो. पापड मायक्रोवेव्हमध्ये पाऊण मिनिट. भरताचं वांगं ओव्हनमध्ये भाजा: तेलाचा हात लावून चार टोचे मारा (टोचे नसले तर फुटून सगळ्या ओव्हनभर होतं), ट्रेवर फॉइल, वरच्या सळीपासून सहा इंच खाली, ब्रॉइलवर (फक्त वरची सळी तापते त्या खुणेवर) वीस-पंचवीस मिनिटं, मधे दोनदा उलटून. विस्तवाची चव येत नाही, पण साल सुटतं आणि घरभर धूर होत नाही.

तळणाचं मात्र मन मोडून सांगावं लागतं. आठवड्याला पुऱ्या-भजी हे अशा घरात जमत नाही, पंखा असला तरी तेल कार्पेटवर बसतं. महिन्यातून एखाद वेळी, थोड्या तेलात, लहान कढईत. बाल्कनीत गॅसची शेगडी ठेवून तळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अपार्टमेंटच्या बाल्कनीत उघड्या ज्योतीला बहुतेक ठिकाणी अग्निनियमांत बंदी आहे, करारात तसं कलम असतंच. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी नाही, कढई उचलून सिंककडे धावणंही नाही. झाकण घालायचं, बटण बंद करायचं आणि झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही. म्हणून तळताना कढईला बसणारं झाकण हाताशी हवंच.

कोटांचं सोपं आहे. दाराजवळच्या कपाटातून हलवून बेडरूमच्या कपाटात न्या आणि स्वयंपाकाच्या वेळी त्या खोलीचं दार लावा. वास पसरतो तो बराचसा हवेत तरंगणाऱ्या तेलाच्या बारीक कणांबरोबर. लोकर आणि पिसांचे जाकीट ते धरून ठेवतात. सुगंधी मेणबत्तीने ते जात नाहीत, हिंगाला व्हॅनिलाची जोड मिळते एवढंच. आधीच वास बसलेलं पिसांचं जाकीट लेबल बघून सौम्य साबणात मशिनला लावा आणि ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिस बॉल घालून वाळवा, म्हणजे पिसांचे गोळे होत नाहीत. ओट्यावरच्या कपाटांची दारं आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसा. त्यांच्यावरचा चिकट थर हाच जुन्या वासाचा साठा असतो.

चिठ्ठीबद्दल. आपल्याकडे शेजारीण बेल वाजवून बोलली असती, आणि कदाचित आत येऊन चहाही घेतला असता. इथे न सांगता दार वाजवणं हेच आगाऊपणाचं मानतात, म्हणून चिठ्ठी. ती तिरस्कारातून आली असेलच असं नाही, थेट ऑफिसकडे न जाता तुमच्या दाराला चिकटवली हे उलट बरंच म्हणायचं. उत्तरही चिठ्ठीनेच द्या, तीन ओळींत: कळवल्याबद्दल आभार, आम्ही खिडकीत पंखा बसवला आहे, तरी त्रास झाला तर या नंबरवर मेसेज करा. मसाल्यांची माहिती नको, माफीचा पाढाही नको. रोजचा स्वयंपाक हा गुन्हा नाही, आणि मूळ देशावरून भाडेकरूंशी भेदभाव करायला 1968च्या फेअर हाउसिंग कायद्याने मनाई आहे. चिठ्ठीत कायदा काढू नका, फक्त तो आहे हे माहीत असू द्या. लगेच लाडवांचा डबा घेऊन जाऊ नका, ते लाच दिल्यासारखं दिसतं. दिवाळीला जरूर द्या, थोडंसं, बंद डब्यात, आणि वर कागदावर शेंगदाणे, काजू, बदाम, दूध, गहू यांतलं काय आहे ते स्पष्ट लिहा. इथे ॲलर्जीची धास्ती फार असते, आणि ती खोटी नाही. जास्त जपायचं ते मिक्सर आणि कुकरच्या आवाजाला. रात्री दहा ते सकाळी सात-आठ ही बहुतेक करारांत शांततेची वेळ असते, आणि पहाटे सहाच्या खोबऱ्याच्या चटणीवर आलेली तक्रार रास्तच असते.

डिस्पोजल घूं घूं करून थांबलं म्हणजे मोटर फिरायचा प्रयत्न करतेय आणि आतली चकती अडकली आहे. भिंतीवरचं बटण बंद करा, सिंकखालचा प्लग असेल तर तोही काढा. आत हात घालू नका. टॉर्चने बघून लांब चिमट्याने काड्या ओढून काढा. मग यंत्राच्या बुडाला मधोमध एक षटकोनी भोक असतं, त्यात पाव इंची ॲलन की घालून दोन्हीकडे आळीपाळीने फिरवा, घट्टपणा जाईपर्यंत. दहा मिनिटं थांबा, बुडाचंच लाल बटण आत दाबा, प्लग लावा, गार पाणी सोडा आणि चालू करा. आवाजच आला नाही तर फ्यूजबोर्डातला खटका पडला आहे का ते बघा. तरीही नाही झालं तर वर्क ऑर्डर, ड्रेनक्लीनरची बाटली ओतू नका. यात पाती नसतात, चकतीवरचे ठोकळे अन्न कडेच्या खरबरीत कड्यावर घासतात. म्हणून दोऱ्यांचं काहीही त्यात जात नाही: कोथिंबिरीच्या काड्या, कांद्याची सालं, शेवग्याची शेंग, नारळाची शेंडी. भात आणि बटाट्याची सालं फुगून पाइपात खळ बनतात. तूप-तेल तर कधीच नको, ते गार झाल्यावर बरणीत भरून कचऱ्यात टाकायचं. ताटाला चिकटलेली शितं आणि आमटीचा गाळ, यासाठी ते यंत्र आहे. बाकी सगळं पिशवीत.

सासूबाईंना मिक्सर आणू देऊ नका. तिथला 230 व्होल्टचा, इथे भिंतीत 120. लावला तर जेमतेम गरगरतो, ओली चटणी वाटत नाही. ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर 750 वॉटच्या मिक्सरला 1500 वॉटचा लागतो, तो ओट्यावर दगडासारखा पडून राहतो. त्यापेक्षा इथल्या 110-120 व्होल्टवर चालणारे भारतीय मिक्सर इथल्या इंडियन स्टोअरमध्ये आणि ऑनलाइन मिळतात, ते घ्या. बॅगेत जागा उरलीच तर सपाट बुडाचा तवा, पुरणयंत्र, तुमच्या कुकरच्या मापाची जादा रिंग आणि शिट्टी सांगा, रिंग इथे मापाची सहज मिळेलच असं नाही. कोरडे मसाले आणि हिंग चालतात. ताजा कढीपत्ता, तांदूळ आणि हरभरे विमानतळावर काढून घेतात, ते पाठवू नका म्हणावं. आणि खाण्याचं जे काही असेल ते कस्टम्सच्या प्रश्नाला «हो» म्हणून सांगायचं. दंड न सांगितल्याबद्दल होतो, सांगितलं तर फार तर ती वस्तू जाते.